जिन्याखालचं टिपाड

लातूर,
रविवार

प्रिय शिल्पा,

सासूने सुनेला पत्र लिहायचे दिवस आता राहिले नाहीत. पण फोन तू उचलत नाहीस. तुझ्या जागी मी असते तर मीही उचलला नसता. म्हणून सत्यमच्या वहीची पानं फाडून बसले आहे. तो उद्या सकाळच्या एसटीने हदगावला यायला निघेल. त्याच्या पिशवीत वकिलाने दिलेले कागद असतील. त्यावर तुझी सही झाली की तुमचा संसार कायद्यानेही मोडला. आपलं लेकरू, आपली तनू जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. तिच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तू माहेरी गेलीस ती गेलीसच. सही करण्याआधी माझं एवढं वाचून घे. मग तुला पटेल ते कर.

इकडचं सगळं ठीक आहे असं लिहायची रीत असते, पण तसं काही नाही. यावेळी नळाला नवव्या दिवशी पाणी आलं. सत्यम अडतीवरून येतो, जेवतो, आपलं ताट आपण उचलतो आणि भिंतीकडे तोंड करून पडतो. आम्ही दोघं एका घरात राहतो एवढंच. तू लावलेला कढीपत्ता मात्र माझ्या डोक्याच्या वर गेलाय. तांदळाच्या धुवणावर वाढलेलं झाड आहे, तुझ्यासारखंच चिवट.

तू लग्न होऊन आलीस ते लातूरला रेल्वेने पाणी आलं त्या वर्षी. दुसऱ्याच दिवशी केस धुवायला दोन बादल्या घेतल्यास, आणि मी मोरीच्या दाराशी उभी राहून सगळ्या पाहुण्यांसमोर म्हटलं, कालव्याकाठची म्हैस आणलीय का घरात. सगळे हसले. तू आत जाऊन रडलीस हे मला कळलं होतं, तरी मी आले नाही. चार महिन्यांत तू माझ्याही पुढे गेलीस. एका तांब्यात तोंड धुऊन उरलेल्या पाण्यात रुमाल पिळून काढायचीस. भाजीचं पाणी फरशीला, फिल्टरच्या नळीतून वाया जाणारं पाणी भांड्यांना. मी गल्लीभर सांगत फिरायचे, जणू तुला मीच घडवलं होतं. गल्लीला या सवयी लावल्या त्या मीच, हे खरं आहे. नागुबाईच्या घरचा नळ टपकायला लागला तर ती बाई, ते मला दिसू नये म्हणून, दार लावून घ्यायची. मग वॉर्डात माझा सत्कार झाला, शाल मिळाली, प्रमाणपत्र मिळालं. लोक मला पाणीवाल्या काकू म्हणायला लागले, आणि ते नाव मला फार आवडलं. माझं डोकं तिथेच फिरलं, शिल्पा.

कारण त्यानंतर आपल्या गल्लीत आशाताई म्हणून ज्योत्स्ना आली. घरोघर सांगू लागली की दर शनिवारी कोरडा दिवस पाळा, घरातली सगळी भांडी रिकामी करा, घासा, वाळवा. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. मी तिला ओट्यावरूनच उडवून लावलं. नवव्या दिवशी नळ येणाऱ्या गावात पाणी ओता म्हणणारी ही कोण टिकोजीराव? तू मात्र तिचं ऐकलंस. दर शनिवारी माठ, बादल्या, पिंप रिकामं करायचीस. ते पाणी तू काही गटारीत सोडत नव्हतीस, झाडांना घालायचीस, फरशी पुसायचीस, संडासात वापरायचीस. म्हणजे ज्योत्स्नाचं म्हणणं आणि माझं म्हणणं दोन्ही एकाच वेळी पाळता येत होतं, आणि तू ते पाळून दाखवत होतीस. पण मला शिकवायला कालची पोर यावी आणि माझ्याच घरात तिचं चालावं, हे मला सोसलं नाही.

आता तुला माहीत नाही ते लिहिते. आपलं निळं टिपाड मी भंगारवाल्याला दिलं असं तुम्हा दोघांना सांगितलं होतं. दिलं नव्हतं. ते मी जिन्याखाली नेलं, समोर जुन्या गाद्या रचल्या आणि वर सतरंजी टाकली. पाणी दुपारी यायचं तेव्हा तू शाळेत शिकवायला गेलेली असायचीस, सत्यम अडतीवर. दोनशे लिटर पाणी माझ्या हाताशी आहे, नळ पंधरा दिवस आला नाही तरी मी कुणाच्या दारात जाणार नाही, या विचाराने मला बरं वाटायचं. सतरंजी कडेने नीट बसत नव्हती, फट राहायची. तिथे गारवा असायचा, म्हणून तनू शाळेतून आली की भातुकली घेऊन तिथेच बसायची. डास चावून तिच्या हातावर गांधी उठायच्या आणि संध्याकाळी तू त्यांना खोबरेल लावायचीस. लावताना मी बघायचे.

एका दुपारी ती माझ्याकडे पळत आली. डोळे हे एवढे मोठे. म्हणाली, "आजी, टिपाडात मासे झालेत. लई बारके हायेत." मी जाऊन पाहिलं. पाण्यात अळ्या वळवळत होत्या. ज्योत्स्नाने बाटलीत घालून गल्लीला दाखवल्या होत्या तशाच. मला कळलं नाही असं मी म्हणणार नाही. दोन दिवसांनी नळ येईल, आला की हे पाणी झाडांना घालू, आज कुठं ओतायचं, असं मनाशी म्हटलं आणि तिला सांगितलं, "कुणाला सांगू नको हं. मम्मी ओतून देईल." त्या शनिवारी ज्योत्स्ना आली तेव्हा तिने लाडाने तनूलाच विचारलं, घरात अजून कुठं पाणी आहे का गं. तनूने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, नाही म्हणून. पुढच्या आठवड्यात तिला ताप आला. तोवर नळही आला नव्हता.

तुम्ही दोघं तिला घेऊन दवाखान्यात होता, तेव्हा ते टिपाड मी एकटीने आडवं केलं. जन्मात पहिल्यांदा एवढं पाणी गटारीत सोडलं. मग ज्योत्स्ना आणि तिच्याबरोबरचे लोक घर तपासायला आले. त्यांना अळ्या सापडल्या त्या फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या, तुझ्या मनीप्लँटच्या बाटलीत. आठवतं ना, तू शपथ घेऊन सांगत होतीस की बाटलीतलं पाणी शनिवारीच बदललं होतं. बदललंच होतंस. वेल सुकलेला दिसला म्हणून रविवारी त्यात पाणी मी घातलं होतं, टिपाडातलं. आणि तेराव्याला, तुझ्या आईवडिलांसमोर, भरल्या घरात मी बोलले, "हिच्या वेलाच्या बाटलीनं माझं लेकरू खाल्लं." सत्यमने तुझ्याकडे पाहिलं. त्या दिवसापासून त्याने तुझ्याकडे पाहणं सोडलं. हे सगळं मी केलं, शुद्धीवर असताना केलं.

काल शनिवार होता. ज्योत्स्ना आली तेव्हा मी गाद्या बाजूला ओढल्या, रिकामं टिपाड ओट्यावर आणलं आणि गल्लीतल्या बायकांना बोलावून सगळं सांगितलं. मला वाटलं होतं कुणीतरी थुंकेल. नागुबाई घरी गेली आणि तिने आपलं पिंप दारात आडवं केलं. ज्योत्स्ना माझ्या शेजारी खाली बसली आणि बराच वेळ उठलीच नाही. प्रमाणपत्र मी भिंतीवरून काढलं आहे. सत्यमला मात्र तोंडाने सांगायचं धाडस झालं नाही. म्हणून या पाकिटाला डिंक लावलेला नाही. ते मी त्याच्या पिशवीत कागदांच्या वर ठेवणार आहे आणि त्याला सांगणार आहे, एसटीत बसलास की आधी हे वाच, मग शिल्पाला दे. तुझ्यापर्यंत येईल तेव्हा त्याने ते वाचलेलं असेल. त्यानंतर तुम्ही सही करा नाहीतर कागद फाडा, मी मध्ये येणार नाही. तू या घरात परत आलीस तर मी उदगीरला बहिणीकडे जाईन, तिच्याशी बोलून ठेवलं आहे. माफी मागत नाही, कारण मागितली तर ती द्यायची की नाही हे ओझं पुन्हा तुझ्यावरच येईल. फक्त एक गोष्ट तुझी आहे, ती मी वर्षभर दाबून ठेवली, ती तुला परत करते. दवाखान्यातल्या शेवटच्या दिवशी तू औषध आणायला खाली गेली होतीस. तनूने डोळे उघडले, मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "आजी, माशांचं मी मम्मीलापण सांगितलं न्हाई. आता सांगू का?" मी नाही म्हणाले. तिला तुला सांगायचं होतं, शिल्पा.

तुझीच,
तारामती