तेहतीस ते अठ्ठेचाळीस

बाबा,

तुमचं ते लाडकं पातळ पुस्तक आज सकाळी मी ओट्यावर ठेवून भाजीच्या सुरीने कापलं. फाडलं नाही, कापलं. तेहतीस ते अठ्ठेचाळीस ही सोळा पानं वरून आणि कडेने एकमेकांना जोडलेलीच होती. छापखान्यात कधी कधी एखादा फर्मा, म्हणजे सोळा पानांचा एक ताव, घडी घालताना आत दबून राहतो, कापणीच्या पात्याखाली येत नाही, आणि पुस्तक तसंच बांधलं जातं. पूर्वी हे व्हायचं. वाचणारा पट्टी घालून पानं मोकळी करायचा आणि पुढे वाचायला लागायचा. या पुस्तकाची पानं कोणीच मोकळी केली नव्हती. आपल्या मराठी मंडळाच्या वाचनालयातलं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं पुस्तक म्हणून तुम्ही दर वार्षिक सभेत ज्याचं नाव घ्यायचात, ते हे. शेवटच्या पानावरच्या चिठ्ठीवर सभासद क्रमांक आणि तारखांचे शिक्के मावेनात म्हणून तुम्ही तिच्यावर दुसरी चिठ्ठी चिकटवली होती. खरं तर मला हसू यायला हवं होतं. पण किळस आली, आणि ती अजून गेलेली नाही, म्हणून लिहायला बसले.

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता वाचनालयात येणाऱ्यांना तुमचा फक्त भिंतीवरचा फोटो ठाऊक आहे. खोली तीच आहे, या हिंदी शहरातल्या सोनागिरी वस्तीतली, रविवारी दहा ते बारा उघडणारी. तुम्ही कारखान्यात आठवड्याचे सहा दिवस यंत्रांची ड्रॉइंग्ज काढायचात आणि सातव्या दिवशी त्या खोलीत बसून लोकांना सुधारायचात. दाराजवळच्या काचेच्या कपाटात विचार, समीक्षा, चिंतन. मागच्या भिंतीला लोखंडी कपाट, त्यात बाकी सगळं: खून, भुतं, डॉक्टर आणि नर्सची लग्नं. त्या कपाटाला तुम्ही उकिरडा म्हणायचात. हळू आवाजात नाही, त्याच्याच समोर रांगेत उभ्या असलेल्या बायकांना ऐकू जाईल असं. आणि मग तुमचा तो नियम. लोखंडी कपाटातलं एक न्यायचं असेल तर काचेतलंही एक न्यावंच लागेल. त्याला तुम्ही जोडपुस्तक म्हणायचात, आणि ते निवडायचा हक्क तुमचा असायचा. परत करताना तुम्ही चष्म्यावरून बघत विचारायचात, "काय वाटलं?" आणि प्रत्येक जण सांगायचा, "विचार करायला लावणारं आहे." मी तुमच्या शेजारी स्टुलावर बसून शिक्के मारायचे. हे एकच वाक्य मी किती तोंडांतून ऐकलं असेल. तुम्हाला ते कधी ओळखीचं वाटलं नाही?

बायका काही खुळ्या नव्हत्या. आनंद नगरहून भाजीची पिशवी घेऊन चालत यायच्या, त्यांना जोडपुस्तक हलकं हवं होतं. काचेच्या कपाटात सगळ्यात बारीक तेच. म्हणून "ते द्या ना, मागच्या वेळी अर्धं राहिलं," असं म्हणत त्या तेच मागायच्या आणि तुमचा चेहरा फुलायचा. घरी येऊन तुम्ही आईला सांगायचात की वाचकाची अभिरुची घडवावी लागते, ती आपोआप येत नाही.

आई त्याच रांगेत उभी राहायची. ग्रंथपालाची बायको म्हणून तिने पुढे घुसलेलं तुम्हाला चाललं नसतं, आणि तिलाही नसतं. ती वर्ध्याची, तुम्ही पुण्याचे. तिच्या बोलण्यातला "न" तुम्ही लग्नानंतर पंधरा वर्षंही चारचौघांत दुरुस्त करायचात. ती वाचायची स्वयंपाकघरात. पुस्तक मिसळणाच्या डब्याला टेकवून उभं केलेलं, पान उडू नये म्हणून त्यावर लाटणं आडवं, आणि लाटायची वेळ आली की लाटणं हातात आणि त्याच्या जागी वाटी. पोळी तव्यावर टाकून ती एक परिच्छेद वाचते, उलटते, फुगेपर्यंत आणखी दोन ओळी. मी समोर पाटावर बसून विचारते, "मग?" आणि ती सांगते. दिवाणजी खोटं बोलतोय, बघ तू, त्याच्या चपला ओल्या होत्या. मी अकरा वर्षांची आहे आणि मला वाटतं जगात आईइतकं हुशार कोणी नाही, कारण तिला चपलांवरून खोटं कळतं. वाचायची गोडी मला तिथे लागली, तुमच्या काचेच्या कपाटासमोर नाही. हे मी आजवर कुठेच बोलले नाही. शिक्षिका म्हणून निवृत्त होताना शाळेच्या निरोप समारंभातसुद्धा भाषणात मी तुमचंच नाव घेतलं.

आता तो रविवार. वार्षिक सभेत तुम्ही ठराव मांडलात की वाचनालयाचा दर्जा राखायचा असेल तर लोखंडी कपाट रिकामं करावं. कोणी विरोध केला नाही. जे दर रविवारी त्यातलीच पुस्तकं नेत होते तेही हात वर करून बसले होते, कारण हात खाली ठेवला असता तर आपण काय वाचतो ते कळलं असतं. पुढच्या रविवारी रद्दीवाल्याचा ठेला दारात. तुम्ही यादी तपासत होतात, एक पुस्तक कमी भरत होतं. तुम्ही मला घरी पिटाळलंत, "तुझ्या आईकडे आहे, घेऊन ये." मी आले तर आई पुस्तक हातात घेऊन माझ्याबरोबर चालत निघाली. साडीला पीठ लागलेलं. ठेल्यापाशी सात-आठ माणसं उभी होती.

"अहो, चाळीसच पानं राहिली न," ती म्हणाली. "संध्याकाळी देते न मी. रद्दीतच जायचंय तर उद्या जाईल."

"संस्थेची वस्तू आहे," तुम्ही म्हणालात. "आणि चाळीस पानांत काय ते मी सांगतो. खुनी लेखकच आहे. मराठीचा खून केलाय त्याने."

सगळे हसले. तुम्ही तिच्या हातातून पुस्तक घेतलंत, यादीवर खूण केलीत आणि ठेल्यावर टाकलंत. मीही हसले, बाबा. मला विनोद कळला होता, आणि कळला हे तुम्हाला दिसावं असं वाटत होतं. आईने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग ती पदर झटकून घरी गेली आणि त्या दिवशी जेवायला नेहमीसारखंच सगळं होतं.

त्यानंतर तिने वाचलं नाही. म्हणजे नुसती गोष्टींची पुस्तकं नव्हे, काहीच नाही. पण ग्रंथपालाच्याच बायकोचं कार्ड कोरं राहिलं तर लोक काय म्हणतील, असं तुम्ही म्हणालात, म्हणून ती दर दुसऱ्या रविवारी यायची आणि ते पातळ पुस्तक घेऊन जायची. फ्रिजवर ठेवायची. पंधरा दिवसांनी परत. तिचा सभासद क्रमांक सात. आज मी दोन्ही चिठ्ठ्या वाफेवर धरून सोडवल्या आणि बघत बसले. त्या रविवारनंतर जवळजवळ सातच सात आहेत. तुम्ही एकदा पाहुण्यांना सांगितलंत, "आमच्या हिला आता तेच एक पुस्तक पुरतं, इतकं मुरलंय." आई चहा आणत होती.

हे सगळं मला आज कळलं असं नाही. त्यातलं बरंच मी पाहिलं होतं आणि नीटनेटकं आवरून ठेवलं होतं. उघडं पडलं ते तीन आठवड्यांपूर्वी आलेल्या एका मुलीमुळे. आता रविवारी तुमच्या खुर्चीवर मी बसते. ही मिसरोदहून स्कूटीवर आली, आपल्यातल्याच एका घरात सून म्हणून आलेली, माहेर हिंदी. सासूशी मराठीत बोलता यावं म्हणून वाचायला शिकतेय. म्हणाली, "काकू, कोई मर्डरवाली द्या ना. नाहीतर भूतवाली. त्यात आगे काय होणार म्हणून मी वाचत राहते, अटकत नाही."

मी चष्म्यावरून पाहिलं. तुमचंच ते पाहणं, माझ्या डोळ्यांत कधी येऊन बसलं देव जाणे. "तसलं आम्ही ठेवत नाही," मी म्हटलं. "आधी चांगली भाषा कानावर पडू दे." आणि काचेचं कपाट उघडून ते पातळ पुस्तक तिच्या हातात दिलं. मी ते आयुष्यभर लोकांना देत आलेय. शाळेत बक्षीस म्हणून याचीच नवी प्रत द्यायचे. कोणी काय वाचू विचारलं की माझ्या तोंडून पहिलं नाव हेच.

काल ती परत आली. पुस्तक दोन्ही हातांनी धरलं होतं. "काकू, सॉरी हां. बत्तीस पानं वाचली मी, डिक्शनरी घेऊन. त्याच्या पुढचे पेज खुलतच नाहीत. वो जुडे हुए हैं. लायब्ररीचं आहे म्हणून मी फाडलं नाही."

मी पुस्तक घेतलं, पाहिलं, आणि कान गरम झाले. ती सहज म्हणाली, "तुम्ही सांगा ना पुढे काय आहे. तुम्ही तर वाचलंय."

"तिथे तो मूळ मुद्द्याकडे येतो," मी म्हटलं.

"मूळ मुद्दा काय आहे?"

"ते ज्याचं त्याने वाचायला हवं."

तिने मान हलवली. तिला ते पटलं, माझीच मला लाज वाटावी इतकं पटलं. जाताना विचारूनही गेली की तिची मराठी अजून कच्ची आहे म्हणून तिला हे जड जातंय का. बाबा, इतक्या वर्षांत त्या पुस्तकाच्या बत्तिसाव्या पानापर्यंत पोचलेली ती एकटी आहे, आणि कमीपणा तिला वाटत होता.

पहिल्या चिठ्ठीवरचा पहिला शिक्का तुमचा आहे. क्रमांक एक, पंधरा दिवसांनी परत. तुमच्यावर अन्याय नको म्हणून मी घरातलं तुमचं कपाट उपसलं, निराळी प्रत असेल तर असावी म्हणून. नाही. पुण्याहून आलेलं ते पार्सल तुम्ही स्टेशनवरून सायकलीला बांधून आणलं होतंत, खाकी कागदाचं कव्हर स्वतः घातलं होतंत, कोपरे कसे नखाने दाबून बसवले होतेत ते मला आठवतं. इतकं हातात घेतलंत आणि उघडलं नाहीत. ज्याच्या जोरावर तुम्ही आईच्या हातातून तिचं पुस्तक काढून घेतलंत, ते तुम्ही वाचलंच नव्हतं. शिसारी येते मला. तुमची आणि त्या टाळ्या वाजवणाऱ्या सभेची. आणि माझीही, कारण मी ही गादी मागून घेतली.

ती सोळा पानं मी आज वाचली. ठीक आहेत. पावसाळी हवेबद्दल काही आहे, एकांताबद्दल काही आहे. वाईट नाहीत. काल ती मुलगी विचारत होती तसा मुद्दा मात्र त्यात कुठेच नाही.

आता आईचं सांगते, कारण ते तुम्हाला माहीत नाही. तुमच्यानंतर ती बरीच वर्षं होती. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात तिने मला जवळ बोलावलं. "काही वाचून दाखव न," म्हणाली. "ज्यात काही घडतं असं." मी दुसऱ्या दिवशी वाचनालयातून हेच पुस्तक नेलं. कव्हर पाहूनच ती हसली. "ते नको. ते माझ्याकडे फार वेळा येऊन गेलंय." मला भरून आलं, बाबा. मला वाटलं, केवढं वाचलंय हिने. तेराव्याला मी हे सगळ्यांना सांगितलंसुद्धा, आणि लोकांनी डोळे पुसले. ती फ्रिजवर धूळ खाणाऱ्या पुस्तकाबद्दल बोलत होती, आणि माझी गंमत करत होती.

येत्या रविवारी मी त्या मुलीला खरं सांगणार आहे, आणि लोखंडी कपाटाची किल्लीही शोधणार आहे. हे पत्र त्या पातळ पुस्तकात, तेहतिसाव्या पानापाशी ठेवावं असं सकाळी मनात होतं. कालपर्यंत इतकी सुरक्षित जागा दुसरी नव्हती. आता ते उघडतं, तेव्हा हे माझ्याजवळच राहील.

एक गोष्ट मात्र मी कोणालाच सांगितलेली नाही. दवाखान्यात ते पुस्तक बाजूला सारल्यावर आईने मला त्या चाळीस पानं राहिलेल्या कादंबरीचं नाव सांगितलं होतं. तिला ते पाठ होतं. "मिळते का बघ," म्हणाली, "तो दिवाणजीच होता का तेवढं कळलं असतं." मी जुन्या पुस्तकांच्या दुकानात गेले. आत ओळखीचे एक निवृत्त प्राध्यापक उभे होते. माझ्या तोंडून ते नाव निघेना. मी शब्दकोश आहे का म्हणून विचारलं, आणि दवाखान्यात येऊन आईला सांगितलं की सगळीकडे शोधलं, मिळत नाही.