न सरकणारा आवाज

सोमवार
घरमालकाने गच्चीची किल्ली माझ्या तळहातावर ठेवली आणि त्या क्षणी माझं आयुष्य बदललं. गच्चीवर एकच खोली, बाकी सगळं आकाश, मध्ये एकही झाड कडमडलेलं नाही. कॉलेजातल्या नंदीबैलांनी कधी गच्ची दिली नाही, ती या कंजूष म्हाताऱ्याने कपाळाला आठ्या घालून का होईना, दिली. मामाने जळालेल्या विजेच्या मोटारी रिवाइंड करायच्या दुकानात चिकटवून दिलंय. दिवसभर तांब्याची तार गुंडाळायची. दुपारची सुट्टी मात्र माझी. जेवण गेलं खड्ड्यात. त्या वेळात हौशी रेडिओवाल्यांचे आवाज झेलून परत खाली पाठवणारा उपग्रह डोक्यावरून जातो.

संध्याकाळी शीळ घालत सामान लावलं. प्लॅस्टिकच्या नळीवर स्टीलच्या मोजपट्टीचे तुकडे बसवून केलेला अँटेना आणि हातात मावणारे दोन रेडिओ. एकाने बोलायचं, दुसरा कानाला लावायचा. आपला आवाज वर पोचून परत येतोय की नाही, ते लगेच कळतं.

कॉलेजात प्रयोगशाळेत माझ्याबरोबर असायची, तिने मला फोनवर ब्लॉक केलंय. करू दे. उपग्रहावर कोणाला ब्लॉक करता येत नाही. हौशी रेडिओचा परवाना आम्ही दोघांनी बरोबरच काढला होता. तिने एकदा माझा कॉलसाइन, म्हणजे हवेवरचं माझं नाव, उच्चारावं. बास.

मंगळवार
उपग्रह वर आला की पेन्शनरांची झुंबड उडते. घसे खाकरतात, कॉलसाइन सांगतात, नकाशावरचा आपला चौकोन सांगतात आणि धन्य होतात. जन्मभर बायकोने ऐकलं नाही, आता निदान डबडं तरी ऐकतंय.

उपग्रह येताना थोड्या वरच्या आकड्यावर ऐकू येतो, जाताना खालच्या. म्हणून बटण सारखं फिरवत राहावं लागतं. न फिरवणारे गाढव खरखर ऐकत बसतात.

ती होती! मी हाक मारली. तिने कुठल्याशा टकल्याला उत्तर दिलं. ऐकू गेलं नसेल असं म्हणायचीही सोय नाही. माझा आवाज कानात खणखणीत परत येत होता.

गुरुवार
आज माझा आवाज परत आला, पण मी बोललोच नव्हतो.

आवाज माझाच, फक्त लोण्यात बुडवलेला. तो तिला म्हणाला, प्रयोगशाळेत त्या दिवशी चुकलो, माफ कर. माफी! आणि मी! त्या दिवशी तिच्यावर ओरडलो ते बरोबरच होतं. कोणीतरी टवाळ नक्कल करत असणार. लाळघोट्या कुठला.

आणि तिने उत्तर दिलं. हसलीसुद्धा. त्याला.

शुक्रवार
घरमालकीणबाईंनी जिन्यात गाठलं. म्हणाल्या, तुला उगाच तिरसट समजत होते रे. आज दुपारी पाणी आलं का विचारायला वर गेले, तर दाराआडून किती मायेने म्हणालास, मावशी, गुडघे दुखतील तुमचे, जिना कशाला चढता!

आज सुट्टी मिळाली नव्हती. दुपारभर मी दुकानात होतो, कोपरापर्यंत वॉर्निशमध्ये. म्हातारी चळली आहे. दुसरं काय.

शनिवार
उपग्रह मावळत होता. मी बटण खाली आणत गेलो, तसे पेन्शनर सरकले, तीही सरकली. तो सरकला नाही. एकाच आकड्यावर ठिय्या मारून बसलेला. उपग्रह बुडाला तरी बोलतोच आहे.

वरून येणारा आवाज सरकतो. न सरकणारा जवळपास, जमिनीवर असतो. हे तिनेच शिकवलं होतं मला.

अँटेना आडवा करून फिरवला. शेजारचं छप्पर, क्षीण. पाण्याची टाकी, क्षीण. माझ्या खोलीच्या दाराकडे वळवला आणि कान बधिर झाला.

आत कोणी नव्हतं. कॉट. स्टोव्ह. दोरीवर माझा शर्ट.

रविवार
तो तिला पत्ता सांगत होता. माझा पत्ता.

मी बटण दाबून ओरडलो. येऊ नकोस, तो मी नाही! ती त्यालाच म्हणाली, मध्ये कोणीतरी किंचाळतंय, अगदी पूर्वीच्या तुझ्यासारखं. तो हसला. म्हणाला, लक्ष देऊ नकोस, असले असतातच.

असले! मी!

घसा बसलाय.

सोमवार
काल त्याला सांगितल्याप्रमाणे ती सकाळच्या गाडीने निघाली आहे. दुकान गेलं उडत. तिला रस्त्यातच गाठायचं —

रेडिओंच्या बॅटऱ्या काढून ठेवल्यात. तरी आवाज आहे. कॉटच्या बाजूने. आता माझ्याशी बोलतोय — चपला घाल, ऊन आहे बाहेर. माझ्याशीही गोड. हरामखोर.

वही घेतली. बाहेर पडलो. दार ओढून कडी घातली —

खाली घरमालकीणबाई कोणाला तरी सांगताहेत, वरच राहतो, जा, गुणी मुलगा आहे. म्हणजे ती आली —

ओरडलो. ओठ हलले. आवाज नाही. घशातून हवासुद्धा —

ती जिन्याच्या वळणावर. मला बघून थबकली. दाराआडून माझा आवाज म्हणतोय, घाबरू नकोस गं, तो असाच बघतो, तू फक्त कडी काढ —

पाठ दाराला लावलीय. लिहून तुझ्यापुढे धरतोय. वाच. कडी काढू नकोस. हा मी. बाहेरचा. आत आहे तो