हिरव्या बांगड्या

३ मे, रवि. नामपूर
उद्या धाकट्या दिराचं लग्न. अंगणात कासार बसलाय. डावा हात मागे घेतला. त्यात फिस्टुला आहे, डायलिसिसच्या सुया तिथेच टोचतात, घट्ट काही चालत नाही. सासूबाईंना हे शंभरदा सांगून झालंय. तरी म्हणाल्या, "येक हात मोकया? लगीनघर शे." ह्यांच्याकडे पाहिलं. हे मांडवाकडे बघत, "आजच्या दिवस भरून घे. वाद नको."
साबण लावून बांगड्या चढवल्या. मनगटावर घट्ट अडकल्याच.

५ मे, मंगळ. नाशिक
मशीनवर घेण्याआधी सिस्टरने हाताला बोटं लावली. फिस्टुलातली रक्ताची भुणभुण बंद. रोज सकाळी उठल्यावर आधी तीच चाचपायचे मी. रक्त गोठून नस बंद पडली. बांगड्यांचे वळ अजून आहेत.
डायलिसिससाठी मानेत नळी घातली. डॉक्टरांनी काय झालं विचारलं तर हे म्हणाले, लग्नघर होतं.

२ जून, मंगळ.
अंगात कसर. रक्तात सूज दाखवणारा सीआरपी वाढलेला. डॉ. म्हणाले, मानेतली नळी परकी, शरीर तिच्याशी सतत भांडतंय. ही आतली सूज हृदयाच्या नसा खराब करते. किडनीपेक्षा आता हृदयाची काळजी जास्त, नळी लवकर काढायला हवी.
ह्यांनी फोनवर आईला सांगितलं, "थोडी सूज आहे." तिकडून हळदीच्या लेपाचा सल्ला. हृदयावर लेप कुठून लावतात, विचारायचं राहिलं.

५ जून, शुक्र.
डावा हात कामातून गेला. आता उजव्यात फिस्टुला. डाव्यातही घट्ट काही नको, म्हणाले डॉक्टर; म्हणजे यापुढे दोन्ही हात मोकळे.
सासूबाईंचा फोन. "तुना नवरा जित्ता शे ना अजून?"
शे. शेजारीच बसून पोहे खातोय. मी जिवंत राहते का, हे कुणी विचारलं नाही.
हे म्हणाले, आईला जरा समजावू, मग ठरवू. मी ऑपरेशनची तारीख घेऊन टाकली.

१० जून, बुध.
उजव्या हातातल्या बांगड्या काढल्या. साबण लागला नाही, हात वाळलाय. ओट्यावर ठेवल्या. ह्यांनी पाणी पिताना पाहिल्या, बाजूला सरकवल्या.
उद्या सकाळी आठला ऑपरेशनला बोलावलंय, सोबत कुणीतरी हवं. ह्यांची सातपूरला फर्स्ट शिफ्ट. बदलून घेतो, असं अजून तरी म्हणाले नाहीत.