कोरे समास

बाबा,

तुमची पुस्तकं कुठे आहेत, असं कोणी विचारलं की मी टॅब काढून दाखवतो. अकोल्याचं जुन्या शहरातलं घर सोडून आईला अमरावतीला आणलं, तेव्हा तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली होती. माझ्या दोन खोल्यांत तुमची चार कपाटं मावेनात, त्यात खालच्या फळ्यांना वाळवी लागलेली. मग मी शहाणपणा केला. सगळी पुस्तकं एका झेरॉक्सवाल्याकडे नेऊन स्कॅन करून घेतली. तो म्हणाला, "पेन्सिलीनं लय लिवलं हाय याच्यात. साफ करून देऊ?" मी म्हणालो, "करा." स्कॅनिंगसाठी बांधणी कापावी लागली होती, तेव्हा सुटी पानं रद्दीत घालायलाही मीच सांगितलं. सगळं मिळून एक मिनिटही लागलं नसेल.

त्या पेन्सिलीत तुम्ही होता, हे मला तेव्हा सुचलंच नाही. शाळेत तुम्ही शुद्ध मराठी शिकवायचात, फळ्यावर एक वेलांटी चुकू द्यायचा नाहीत. समासात मात्र वऱ्हाडीत भांडायचात. लेखकानं मोठी गोष्ट ठोकून दिली की शेजारी फक्त "काहून?" कुठे "पाहून आला का?" उपवासाचं माहात्म्य सांगणाऱ्या एका जाड ग्रंथात तर, "रातच्याले जेवला असंन." स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून तुम्ही हे आईला वाचून दाखवताय, ती भाकरी थापता थापता हसतेय, आणि मी मागे बसून एका पुस्तकाचं पान दुमडतोय. तुम्ही मान न वळवता म्हणता, "पुस्तकाचं पान हाय ते, खायाचं नाही. इडा करून राहिला का त्याचा?" आई आणखीच हसते. त्या दिवसापासून मी तुमच्या पुस्तकांना हात लावायचं टाळलं. त्यातलं एकही मी पुरतं वाचलेलं नाही. वाचलं असतं तर "करा" म्हणालो नसतो.

आता काचबिंदूनं आईची नजर गेली आहे. दुपारचं जेवण झालं की ती चाचपडत खुर्चीत येऊन बसते. म्हणते, "पुस्तक नोको वाचू. बाबानं बाजूले काय लिवलं ते वाच." माझ्यासमोर पांढरेशुभ्र समास असतात. आधी आठवत होतं तेवढं वाचलं. ते आठवड्याभरातच संपलं. मग मी रचायला लागलो. मला तुमच्यासारखं तिरकं सुचत नाही. परवा ती म्हणाली, "आजकाल तुये बाबा लय नरम लिवून राहिले." तिला कळलंय की काय, हे विचारायचा मला धीर होत नाही. लाज वाटते, बाबा, आणि तरी दुपार झाली की मी टॅब घेऊन बसतोच.

हे तिला सांगता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहितोय. काल मी तुमच्या नावानं वाचलं, "माह्यापेक्षा पोट्टं बरं वाचते." असं तुम्ही कधी लिहिलं नाहीत, कधी म्हणालाही नाहीत. आई खुर्चीत पुढे सरकली. मग म्हणाली, "पुन्ना वाच." मी पुन्हा वाचलं. दुसऱ्या खेपेला मला ते खरं वाटलं.