मुरगूडला ऐकू गेलेला आवाज

मंगळवार, १ नोव्हेंबर १९२१. कळंबा

आज मुक्कामाला पोचलो. स्टेशनापासून बैलगाडीनं पेट्या आणल्या आणि यंत्राचा एकही काचेचा व्हॉल्व्ह फुटला नाही, त्यामुळे मी खूश आहे. हंबीरराव इनामदारांनी तळ्याकाठचा आपला लहान बंगला कामासाठी दिला आहे. तीन खोल्या, नवा चुना, खिडकीतून कोल्हापूरचा रस्ता दिसतो. इनामदारांना यंत्रांचा भारी षोक. बिनतारी यंत्राची परवानगीही त्यांनीच खटपट करून मिळवली. तारेसारखे नुसते ठोके पाठवायचे नाहीत, माणसाचा बोलता आवाज पाठवायचा, ही त्यांची अट. ती विद्या मी लढाईत बसऱ्याला शिकलो.

झाडलोट आणि स्वयंपाकाला धोंडुबाई आहेत. रावसाहेब, तिखट किती खाता, एवढंच त्यांनी मला विचारलं. मी बेताचं म्हणालो. इथला बेत निराळा आहे. डोळे पुसत जेवलो.

शनिवार, ५ नोव्हेंबर

सुरूच्या दोन झाडांच्या शेंड्यांना एरियलची तार बांधली. तेलाचं इंजिन परसात बसवलं. इंजिन चाललं की एरियलमधून एकसारखी लहर निघते. मायक्रोफोनपुढे बोललं की आवाज त्या लहरीवर चढतो आणि ती आवाजासारखी उंच-सखल होते. एरियलच्या मीटरचा काटाही मग बोलण्याबरोबर थरथरतो. गप्प बसलं की काटा स्थिर. मला या काट्याकडे बघत बोलायला आवडतं.

ऐकणारा माणूस मुरगूडला आहे. फक्रुद्दीन घड्याळजी, बसऱ्याच्या वर्कशॉपातला माझा सोबती. त्याच्याकडे फक्त ऐकायचं यंत्र आहे, त्यामुळे त्याचं उत्तर टपालानं. रोज दुपारी चार वाजता मी बोलायचं, त्यानं ऐकलेलं लिहून पाठवायचं, असं ठरलं. आज पंचांग वाचून दाखवलं.

मंगळवार, ८ नोव्हेंबर

फक्रुद्दीनचं पत्र! शब्दन् शब्द पोचला. त्याची बायको हाफिजा ऐकायच्या यंत्राचे फोन कानांना लावून हसत सुटली म्हणे. इनामदारांना पत्र दाखवलं, त्यांनी पेढे वाटले.

शेवटी एक ओळ होती. गणपतराव, तुमच्या मागोमाग तेच शब्द हळू आवाजात कोण म्हणतं? मदतनीस ठेवलात काय?

मी एकटाच असतो. लहरीचा काही दोष असेल. उद्या जोडण्या तपासतो.

शुक्रवार, ११ नोव्हेंबर

सगळ्या जोडण्या नव्यानं केल्या. आजच्या पत्रात लिहिलंय की दुसरा आवाज आता मागून येत नाही, बरोबरीनं येतो. काही शब्द तर तुमच्या आधी. तोही तुमच्याच आवाजासारखा आहे.

धोंडुबाईंना विचारलं, या बंगल्यात पूर्वी काही घडलंय का. कोणी गेलं, कोणी बुडालं. त्या भांडी घासत म्हणाल्या, "न्हाई की. हितं काय बी झालेलं न्हाय."

काही घडलेलं असतं तर बरं वाटलं असतं.

रविवार, १३ नोव्हेंबर

आज चार वाजता इंजिन सुरू केलं आणि मुद्दाम तोंड मिटून बसलो. ऊन स्वच्छ होतं, खिडकीखाली धोंडुबाई तांदूळ निवडत होत्या. काटा काही वेळ स्थिर राहिला. मग थरथरला. थांबला. परत थरथरला, कोणी वाक्य बोलून श्वास घ्यावा तसा. मी मायक्रोफोनला कान लावला. काही नाही. तळहातानं झाकला. काटा चालूच.

अर्ध्या तासानं इंजिन बंद केलं. संध्याकाळपासून घसा धरला आहे. एक अक्षर बोललो नव्हतो.

बुधवार, १६ नोव्हेंबर

तीन दिवस यंत्राला हात लावलेला नाही. इंजिनचं तेल काढून टाकलं. घसा पार बसला, धोंडुबाईंनी हळद-दूध दिलं. इनामदार परगावी गेले आहेत. आले की सांगेन, हे काम मला नको.

गुरुवार, १७ नोव्हेंबर. दुपारी साडेबारा

पत्र आलं. जसंच्या तसं उतरवतो.

"रविवारपासून रोज तुमचं बोलणं फार साफ येतंय. खोलीत शेजारी बसून बोलावं तसं. दुसरा आवाज गेला, आता तुम्ही एकटेच. बसऱ्याच्या गोष्टी ऐकून मला रडू आलं. इतक्या आग्रहानं बोलावताय तर येतो. गुरुवारी सकाळी सायकलनं निघेन, चारपर्यंत पोचेन."

आज गुरुवार.

मुरगूडला तारऑफिस नाही. यंत्रावरून नको म्हणून सांगावं, तर तिकडे काय ऐकू जाईल? आणि तो तर निघालाही असेल. रस्त्यावर जाऊन त्याला अडवतो.

त्याच दिवशी, संध्याकाळी सहा

मुरगूडहून येणाऱ्या बिद्रीच्या वाटेवर साडेचारपर्यंत उभा होतो. तो कागलच्या वाटेनं येऊन पोचला होता.

परत आलो तर सायकल पायरीला टेकलेली. धोंडुबाई म्हणाल्या, "पावणेचाराला आले. म्या त्यास्नी सांगितलं, रावसाहेब घरात न्हाईत. तर ते हसले आन् म्हणाले, 'न्हाईत कसं? आतनं हाक मारत्यात की.' मला तर काय ऐकू आलं न्हाय. ते आत गेले."

बाहेर आलेला त्यांनी पाहिला नाही. त्या दारातच बसून होत्या. यंत्राच्या खोलीला दुसरं दार नाही. खिडकीला गज आहेत.

खोलीत फक्त मायक्रोफोनपुढे खुर्ची ओढलेली.

शनिवार, १९ नोव्हेंबर

इनामदारांच्या माणसांनी तळं पाहिलं. विहीर पाहिली. काही नाही. माझा आवाज आता कुजबुजीइतकाच उरलाय, त्यामुळे त्यांना नीट सांगताही आलं नाही. मी काही लपवतोय असं त्यांना वाटतं.

रविवार, २०

चार वाजता काटा हलला. इंजिन थंड आहे, एरियलची तार मी काल तोडली.

पेटीतलं खड्याचं लहान यंत्र, जे इंजिनाशिवाय ऐकवतं, ते काढून कानाला लावलं. फक्रुद्दीन बोलत होता. शांतपणे, घड्याळ दुरुस्त करताना बोलायचा तसा. हाफिजाला सांगत होता की मी इथं खुशाल आहे. इथली हवा चांगली आहे. तू पण ये. गणपतराव वाट बघतायत.

दर दोन वाक्यांनी तेच. तू पण ये.

हाफिजा रोज चारला यंत्राचे फोन कानांना लावून बसत असणार. नवऱ्याची खबर लागावी म्हणून—

सोमवार

पहाटे मुरगूडला निघायचं ठरवलं होतं. उठता आलं नाही. ताप. व्हॉल्व्ह सगळे फोडले.

काटा—

मंगळवार

आवाज गेला. ओठ हलतात. धोंडुबाईंना हाक मारली, त्यांनी वर पाहिलं नाही. मी हाक मारली तेव्हा काटा हलला. माझ्या तोंडातून निघायचं ते तिकडे जातंय. म्हणजे आता जे काही—

दुपारी

रस्त्यावर गाडी दिसतेय. बैलगाडी. आत एक बाई, बुरख्यात. एकटी.

खिडकीतून ओरडतोय. येऊ नका. गाडीवान मान वर करत नाही. काटा टोकाला जाऊन आपटतोय.

धोंडुबाईंना वाचता येत नाही. हाफिजावहिनींना येतं, फक्रुद्दीननं शिकवलंय. हेच पान फाडून दाखवतो. भिंत धरून दारापर्यंत—

पायरीवरून धोंडुबाई बोलल्या. माझ्याकडे न बघता, आत यंत्राच्या दिशेनं.

"व्हय रावसाहेब. सांगते की त्यास्नी, सरळ आत या म्हणून."

मी काहीच बोललो नव्ह—

वहिनी, मागे फिरा. तुम्हाला बोलावणारा मी नाही. आतून हाक आली तरी उंबरा ओलांडू—