राणीची मांडी

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
चाटी गल्ली, सोलापूर
२८ एप्रिल १९७४

ती. अण्णा यांस रुद्राणीचा शि. सा. न. वि. वि.

आईने अंथरूण धरल्याचं तुझं पत्र पोचलं. मला येता येत नाही. कारण ऐकून हसू नकोस, कारण एक कुत्री आहे.

मामंजींना मुंबईच्या व्यापाऱ्याने ही ‘जपानी चिन’ जातीची कुत्री भेट दिली. नाव राणी. मांजराएवढी, अंगाने पांढरी, कान काळे. मांजरासारखंच पंजाने तोंड पुसते, खूश झाली की जागच्या जागी गिरक्या घेते. मामंजी सांगतात, तिकडे ही जात सरदारांच्या मांडीवर वाढली. इथे ती मांडी माझी! नाक बसकं, त्यामुळे उन्हाची झळ लागली की धापा टाकते. म्हणून दिवसभर दारं लावून, वाळ्याचे पडदे भिजवत मी तिच्यासोबत माडीवर. डोळे पुसा, केस विंचरा, दहीभात भरवा. दुसऱ्या कुणाच्या हातचं ती खात नाही. सासूबाई तर ती शिवली तरी आंघोळ करतात.

काल मामंजींना विचारलं. म्हणाले, तू गेलीस तर ती मरेल, उन्हाळा सरू दे. मी आईचं नाव दोनदा घेतलं. आमचे हे मान खाली घालून जेवत राहिले. अण्णा, जीव गुदमरतो रे.

आईच्या पायांवर माझं डोकं. तुझी माया आटू देऊ नकोस.

तुझी,
रुद्राणी

मंगळवेढा
४ मे १९७४

चि. सौ. रुद्राणीस अनेक आशीर्वाद.

जपानी राणीची दासी म्हणून तुझी थट्टा आईला ऐकवली. ती हसली नाही. कुत्रीला घेऊनच ये म्हणावं, म्हणाली. आता दूधही दोन घोटच जातं. डॉक्टर आठवड्याच्या पुढचं बोलत नाहीत.

परवा मी तुझ्या दारी येऊन गेलो. तुझ्या सासऱ्यांनी सरबत पाजलं आणि तू झोपल्याचं सांगितलं. भांडून तुझा संसार मोडवत नाही, गप्पही बसवत नाही.

तब्येतीस जप. आमचा जीव तुझ्यापाशी आहे.

तुझा,
चन्नवीर

सोलापूर
९ मे १९७४

चि. चन्नवीर यांस रुद्राणीची सासू सुंदरम्मा हिचे आशीर्वाद.

हे पत्र रुद्राणीच्याच हाती देते. अक्षर लावून वाचा.

तुम्ही आलात तवा ती झोपली नव्हती. मी जिन्यात उभी होते, तोंड उघडलं न्हाय. दुसऱ्या दिवसापासून राणीला भरवायला बसले. तीन दिवस तिनं तोंड फिरवलं. मग रुद्राणीचं नेसून टाकलेलं पातळ नेसले आणि मांडी घातली. राणीनं वास घेतला, मांडीवर चढली, जेवली.

माझी आई अक्कलकोटात गेली तवा हितं म्हैस व्याली होती. माझ्याबिगर कुणाला पान्हा सोडीना, म्हणून मला धाडलं न्हाय. पोचले तवा माती झालेली.

आज पहिल्या एसटीनं रुद्राणीला बसवून देते. घरात आरडाओरडा होईल, होऊ दे. मला कुठं जायचंय!

चुकलेल्या म्हातारीवरही थोडी माया ठेवा.

सुंदरम्मा

ता. क. पातळ मी धूत न्हाय. त्याला तिचा वास हाय तोवर राणी जेवंल. तेवढे दिवस तिला आईपाशी राहू द्या.