गुळाचा खडा

अण्णा, आज कारखान्यातला गूळ बंद केला. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, तरी रोज सकाळी तुमच्यासारखीच दाराशी उभी राहून मी तो वाटत होते. शहागंजच्या बाजारातून ढेप आणायची, फोडायची, आणि क्रोमचा मुलामा द्यायच्या टाकीवर जाण्याआधी प्रत्येक कामगाराच्या तळहातावर एक खडा ठेवायचा. "वाफ गुळासंगं खाली उतरते, छातीत बसत नाही," असं तुम्ही म्हणायचात आणि सगळे माना डोलवायचे. तुम्ही स्वतःही खायचात.

मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. तुमच्या केबिनमध्ये डबा खाता खाता बोलून गेले, की अण्णा, ही वाफ नाकाचा पडदा खाते, फुप्फुसं खाते, गुळानं काही होत नाही; वाफ ओढणारे पंखे बसवा, मास्क द्या. तुम्ही हातातली भाकरी खाली ठेवलीत. "चार बुकं वाचून मला शिकवायला आली! ह्याच टाकीवर मोठी झालीस तू." पुन्हा तोंड उघडायची माझी हिंमत झाली नाही. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही वाटलेले खडे जरा मोठे होते, ते मी पाहिलं. तेव्हाच कळलं की तुम्हाला ठाऊक आहे. इतका राग आला तुमचा, आणि खरं सांगू, कीवही आली.

गेल्या वर्षी आपला माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीनं कळवलं, की कामगारांची काळजी आणि सांडपाण्याची सोय नसेल तर माल घेणार नाही. झालं, मला जाग आली! पंखे बसले, पाणी शुद्ध करायचं यंत्र आलं, मास्क आले. उद्योजकांच्या सभेत माझा सत्कारही झाला. खांद्यावर शाल घेऊन मी जबाबदार उद्योगावर लांबलचक बोलले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. इकडे कारखान्यात मास्क कुणी घालीना. सगळ्यांच्या पुढं कोण, तर काका. ते सोयगावकडचे, तुम्ही पहिली टाकी मांडलीत तेव्हा कामाला लागलेले. "ताई, त्यानं दम कोंडतो बघा. मालकाचा गूळ हाय की आपल्याला." आता या माणसाशी काय डोकं लावायचं?

म्हणून डॉक्टर बोलावले, सगळ्यांना तपासून घेतलं. अण्णा, काकांच्या नाकातल्या पडद्याला आरपार भोक आहे. एक जिना चढले तरी धाप लागते त्यांना.

आज सकाळी मी गुळाची परात बाहेर आणलीच नाही. सगळ्यांना उभं करून स्वच्छ सांगितलं, की गुळानं काही होत नव्हतं, कधीच होत नव्हतं. एकेक जण आत गेला. काका तेवढे थांबले, मास्क हातात चुरगाळत.

"ताई, एक इचारू? मालकाला ठाव व्हतं का?"

"नाही काका," मी म्हणाले. "त्यांचा खरंच विश्वास होता गुळावर."

काका रडायला लागले, लहान लेकरासारखे. "मला वाटलंच व्हतं. ठाव असतं तर मालकानं आमाला तिथं उभं केलंच नसतं. लई जीव व्हता त्यांचा आमच्यावर." मग डोळे पुसले, मास्क नाकावर दाबून बसवला आणि टाकीकडं गेले. त्यांचं बघून बाकीच्यांनीही घातले. वर्षभर जे मला जमलं नाही, ते या एका खोट्यानं झालं.

दिवसभर मनाची समजूत घालत होते, की बापाची अब्रू राखली, लेकीनं एवढं करावंच. आता हे लिहिताना ती समजूत टिकत नाही. हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, काकांना तर नाहीच. तुम्ही असताना तुमचा धाक होता, धरून चालू. नंतरची बारा वर्षं मला कुणी अडवलं होतं, अण्णा? काकांनी फक्त तुमचंच विचारलं. मला ठाऊक होतं का, हे त्यांनी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.